रात्री फिशटँकच्या फिल्टरचा आवाज, घरात आजारी माणूस, काय करावं?

निळीशाई · सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. गणपतीनंतर मुलाच्या हट्टाखातर हॉलमध्ये दोन फुटी टँक आणला. दोन गोल्डफिश, तळाला बारीक रेती, पाण्यात बुडवायचा स्पंजवाला फिल्टर (त्याला हवा ओढणारी बारीक नळी आहे) आणि टँकखालच्या कपाटात एअर पंप. पहिले दोन महिने आवाजाचं काही वाटलं नाही. दिवाळीनंतर सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून बाबा हॉलमध्येच दिवाणावर झोपतात. दिवाण आणि टँक यांत जेमतेम चार फूट. दुखण्यामुळे त्यांची झोप आधीच सावध, त्यात हा आवाज. ते तक्रार करत नाहीत. पण पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठले की टक्क जागे असतात, छताकडे बघत.

म्हणून मी रात्री दहाला दोन्ही बटणं बंद करायला लागले. आठ दिवस बरे गेले. काल सकाळी पाहिलं तर दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडून भराभरा हवा घेत होते. पाणी गढूळ, आणि फिल्टर सुरू केल्याबरोबर त्यातून कुबट वास. घाबरून अर्धं पाणी बदललं, फिल्टर उघडून स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईस्तोवर धुतला. मासे सावरले आहेत. पण धुतल्यापासून फिल्टरचा आवाज तिपटीने वाढलाय. दुकानदार म्हणतो नवा घ्या. घ्यायलाही हरकत नाही, पण नव्याचाही आवाज आला तर? बाबांना झोप मिळायला हवी आणि मासेही जगायला हवेत. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

कोयवाला · मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, पहिली गोष्ट, आज रात्रीपासून फिल्टर बंद करू नका. आवाजाचं नंतर बघू.

कारण सांगतो. फिल्टरचा स्पंज नुसती घाण अडवत नाही. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू वाढलेले असतात. माशांच्या विष्ठेतून, लघवीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषच. नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य. या जिवाणूंना जगायला ऑक्सिजन लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. मोटर थांबली की स्पंजच्या आतलं पाणी साचतं, काही तासांत ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरतात, घाण आतच कुजते. सकाळी बटण दाबलं की ते सगळं टँकमध्ये. तुम्हाला आलेला कुबट वास तोच.

दुसरं म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. स्पंज नळाखाली धुतला म्हणजे उरलेसुरले जिवाणूही गेले. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, बस. तपकिरी दिसला तरी चालतो, पांढरा करायचा नाही. आता पुढचे दोन-तीन आठवडे टँक नवा आहे असं समजा. खाणं निम्मं करा, एक दिवसाआड पाव भाग पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन मारायचं औषध घालूनच ओता.

गिरणकाका · मंगळवार, सकाळी ९.४०

कोयवाल्यांनी माशांचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो. लालबागच्या गिरणीत फिटर होतो, पुढे मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं. आयुष्य यंत्राचा आवाज ऐकण्यात गेलं.

ताई, "आवाज येतो" एवढ्यावर काही समजत नाही. कसला येतो? तुमच्या टँकमध्ये आवाज करू शकतील अशा चार-पाच जागा आहेत आणि प्रत्येकीचा सूर वेगळा. आज रात्री घर शांत झालं की एवढं करा. आधी फक्त एअर पंप बंद करा, मिनिटभर ऐका. तो चालू करून फिल्टर बंद करा, पुन्हा मिनिटभर ऐका. (एका मिनिटाने जिवाणूंना काही होत नाही.) मग घरातलं लाटणं घ्या. कोरडं, लाकडी. एक टोक कपाटाच्या फळीला टेकवा, दुसरं कानाच्या पुढच्या उंचवट्याला. मग काचेला, मग झाकणाला, मग एअर पंपाला. गिरणीत बेअरिंग बिघडलं की आम्ही स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून असंच शोधायचो. इथे पाणी आणि वीज शेजारी आहेत म्हणून धातूचं काही नको. आणि पाण्यात हात घालायचा असेल तेव्हा प्लग काढूनच, नुसतं बटण बंद करून नाही.

जे ऐकाल ते जसंच्या तसं लिहा. खुळखुळ, घरघर, गुणगुण, सूं सूं, तुमच्या शब्दांत.

रोजचाच · मंगळवार, दुपारी १.०५

एवढं कशाला, मोटरच्या पात्याच्या दांडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. पंख्याला करतो तसं. आवाज लगेच जाईल.

गिरणकाका · मंगळवार, दुपारी १.२०

अजिबात नको. ही पंख्याची मोटर नाही. फिल्टरचं पातं पाण्यातच फिरतं, पाणी हेच त्याचं वंगण. तेल टाकलं तर ते पाण्यावर तवंग धरेल आणि हवा पाण्यात मिसळायची वाटच अडेल. आतली रबरंही तेलाने फुगतात.

निळीशाई · मंगळवार, रात्री १२.३०

काका, लाटणं लावून ऐकलं. इतकी वर्षं पोळ्या लाटतेय, लाकडातून एवढं स्वच्छ ऐकू येतं हे माहीत नव्हतं! तीन वेगवेगळे आवाज आहेत.

१. फिल्टरमधून खुळखुळ्यासारखा कडकड आवाज. हा धुतल्यानंतर सुरू झालेला. काचेला लाटणं लावलं की सगळ्यात मोठा.

२. फिल्टरमधूनच सतत सूं सूं आणि बुडबुड फुटण्याचा. हा पहिल्यापासून आहे.

३. कपाटातून जाड, खालच्या पट्टीतली घुमणारी गुणगुण. गंमत म्हणजे पंप हातात उचलून धरला की गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, फळीवर ठेवला की पुन्हा घुमते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तो खालचा आवाज उशीतून येतो गं."

गिरणकाका · बुधवार, सकाळी ८.१०

उत्तम ऐकलंत. बाबांनी तर निदानच करून दिलं.

तिसऱ्यापासून सुरू करतो. एअर पंपाच्या आत एक विद्युतचुंबक असतो. तो एक छोटी दांडी सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे हलवतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. दांडीच्या टोकाला रबरी पडदा, तोच हवा ढकलतो. पंप स्वतः फारसा ओरडत नाही. तो फळीला हलवतो आणि बंद कपाट डग्ग्यासारखं घुमतं. कपाटाचे पाय फरशीवर, दिवाणाचे पायही त्याच फरशीवर. म्हणून "उशीतून".

उपाय असा की पंप कपाटातून बाहेर काढा आणि टांगा. टँकमागे भिंतीला खिळा असेल तर जाड लोकरीच्या धाग्याने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने अधांतरी लटकवा. भिंतीला, काचेला, कशालाच टेकता कामा नये. हवेची नळीही काचेच्या कडेला ताणून बसलेली नको, तिच्यातूनही कंप जातो. टांगणं जमत नसेल तर खाली दोन बोटं जाडीचा मऊ स्पंज ठेवा. कपड्यात मात्र गुंडाळू नका, पंप तापतो.

तो पाण्याच्या पातळीच्या वर टांगता आला तर आणखी चांगलं. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीतून पाणी उलटं उतरू शकतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा पुढे जाऊ देतो, पाणी मागे येऊ देत नाही) आहे का? नसेल तर आजच बसवा. किरकोळ किमतीत मिळतो. उलटा बसला तर हवाच येणार नाही, तेव्हा आधी तोंडाने फुंकून बघा.

आता पहिला आवाज, खुळखुळा. धुताना तुम्ही पातं बाहेर काढलं होतं का? त्याच्या मधल्या दांडीच्या दोन्ही टोकांना दोन काळ्या रबरी टोप्या असतात. दोन्ही जागेवर आहेत ना?

निळीशाई · बुधवार, सकाळी ८.२५

काढलं होतं. टोप्या होत्या हे माहीतच नव्हतं. बघते.

रत्नांग्री · बुधवार, सकाळी ११.००

रेती कुठली वापरली आहे? विचारतो कारण माझा फिल्टर रेतीने खाल्ला. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी रेती भरपूर. दिसायला सुंदर, म्हणून चाळून, दहा वेळा धुऊन टँकमध्ये घातली. महिन्याभरात मोटर करकरायला लागली. उघडली तर पात्याच्या चुंबकाला काळ्या कणांची मिशी! त्या रेतीत लोहयुक्त खनिजं असतात, ती चुंबकाला चिकटतात. कणांनी चुंबकाच्या खोबणीला ओरखडे पाडले आणि ती मोटर पुन्हा कधी गप्प झाली नाही. शिवाय शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड झालं ते वेगळंच. आता कुठलीही रेती घालण्याआधी त्यातून फ्रिजवरचं चुंबक फिरवून बघतो.

साधी रेती असली तरी फिल्टरचं तोंड तिच्यापासून चार बोटं वर ठेवा. गोल्डफिश दिवसभर रेती उकरतात, तोंडात घेतात, थुंकतात. ते कण थेट आत जातात.

निळीशाई · बुधवार, रात्री १०.१५

सापडली! एक टोपी मोटरच्या खोबणीत तळाशी होती. दुसरी नव्हतीच. धुतलं होतं बाथरूममध्ये, म्हणून तिथली जाळी उचलून केसांचा गुंता काढला, तर त्यात अडकलेली. मोहरीपेक्षा मोठी, वाटाण्यापेक्षा लहान, मधे भोक. एवढ्याशा वस्तूने माझ्या सासऱ्यांची चार रात्रींची झोप नेली यावर विश्वास बसत नाही. फिल्टर रेतीवरच टेकलेला होता, खोबणीत चार-पाच कणही होते. कान साफ करायच्या काडीने काढले. दोन्ही टोप्या बसवल्या, फिल्टर वर घेतला. कडकड पूर्ण थांबली.

एक शंका. पातं चुंबकावर घट्ट नाही, अर्धा वेढा सैल फिरतं. तुटलंय का? गोंद लावू का?

गिरणकाका · बुधवार, रात्री १०.४०

शाब्बास. गोंद मुळीच लावू नका, ते सैलच असतं. अशा मोटरीत चुंबक मिनिटाला ३००० फेरे मारतो. एकदम पाण्याचा भार आला तर त्याला उठता येत नाही. म्हणून आधी चुंबक एकटा गती घेतो आणि मग पात्याला धरतो. बऱ्याच मोटरींत ही सोय असते. चिकटवलंत तर मोटर जागच्या जागी थरथरेल, फिरणार नाही.

आणि ती मधली दांडी चिनी मातीसारख्या सिरॅमिकची असते. पडली किंवा वाकवली की कट्कन मोडते. धुताना जपा.

विदर्भकर · गुरुवार, सकाळी ६.५०

नागपूरहून. माझा मागे अडकवायचा फिल्टर आहे, धबधब्यासारखं पाणी टँकमध्ये पडतं. हिवाळ्यात अगदी शांत. एप्रिल-मे लागला की रात्रभर नळ उघडा राहिल्यासारखी धार. दोन उन्हाळे मोटरला दोष दिला. कारण एवढंच की आमच्या कोरड्या उन्हात पाणी भराभर उडतं, पातळी खाली जाते आणि धार उंचावरून पडते. पाणी फिल्टरच्या ओठापासून अर्ध्या बोटावर ठेवलं की धार आवाज न करता सरकते. ओठावर स्पंजची उतरती पट्टी लावली, तर तेवढाही राहत नाही.

पण राजेहो, उन्हाळ्यात आवाज घालवायच्या नादात पाण्याचा वरचा थर अगदी निवांत करू नका. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे. हलण्याचा आवाज होत नाही, आपटण्याचा होतो.

कोयवाला · गुरुवार, सकाळी ७.३०

"हलण्याचा आवाज होत नाही, आपटण्याचा होतो", हे पक्कं लक्षात ठेवा ताई, तुमच्या दुसऱ्या आवाजाचं उत्तर त्यातच आहे. सूं सूं करते ती फिल्टरची हवा ओढणारी नळी. पाण्याच्या वेगाने तिच्यातून हवा खेचली जाते आणि बुडबुडे होऊन वर फुटतात. नळीच्या टोकाला फिरवायचं छोटं बटण असेल, ते रात्री पूर्ण बंद करा. त्याऐवजी फिल्टरचं तोंड किंचित वर वळवा, म्हणजे पाण्याचा वरचा थर आतून ढकलला जाऊन थरथरत राहील. वर पडलेल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सतत तुटत राहिलं की हालचाल पुरेशी आहे असं समजा. मासे सकाळी वर येऊन हवा घेत नाहीत ना, हे पहिले चार दिवस आवर्जून बघा.

फिल्टर काचेला चिकटवून धरणाऱ्या रबरी चोषकांनाही हात लावून बघा. जुनी झाली की ती कडक होतात, फिल्टर काचेला धडकत राहतो. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बऱ्याचदा मऊ पडतात.

पाणकावळा · गुरुवार, दुपारी ३.१५

प्राणिशास्त्र शिकलेय म्हणून एक भर घालते. इथे सगळे माणसांच्या झोपेचं बोलताहेत, पण तुमच्या टँकमधल्या दोघांनाही हा आवाज ऐकू येतो, आणि चांगला ऐकू येतो. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. आपले रोहू, कटला त्याच कुळातले. या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या मदतीने ते पाण्यात तरंगतात. ती पिशवी आवाजाने थरथरते आणि मणक्याजवळच्या इवल्याशा हाडांची एक साखळी ती थरथर थेट आतल्या कानापर्यंत पोहोचवते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये या हाडांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना वेबरची हाडं म्हणतात. ज्या माशांना ही सोय नाही त्यांच्यापेक्षा यांचं ऐकणं खूपच तीक्ष्ण.

तेव्हा काचेला चिकटून खडखडणारी मोटर त्यांच्यासाठी चार फुटांवर नाही, अंगाशी आहे, आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय त्यांना नाही. मुलाला हे नक्की सांगा. काचेवर टिचक्या मारण्याची सवय असेल तर आपोआप सुटेल.

रोजचाच · गुरुवार, संध्याकाळी ६.००

हे माहीत नव्हतं. तेलाचा सल्ला मागे घेतो. माझ्याकडे आत बुडवायची मोटर नाही, फक्त एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आहे. त्याच्या नळीतून मोठे बुडबुडे वर येऊन भक्-भक् फुटतात. त्याला काही उपाय?

रत्नांग्री · गुरुवार, संध्याकाळी ७.२०

आहे. स्पंज फिल्टरच्या उभ्या नळीत तळाशी एक छोटा एअर स्टोन, म्हणजे बारीक छिद्रांचा दगड, हवेच्या नळीच्या टोकाला बसवा. मोठ्या बुडबुड्यांऐवजी बारीक फेस येतो, भक्-भक् थांबते, आणि पाणीही जास्त ओढलं जातं. नळीचं वरचं तोंड पाण्याच्या पातळीला किंवा जरा खाली येईल असं करा. दगड दोन-तीन महिन्यांनी चोंदतो. तो चोंदला की पंपावर दाब येतो आणि पंप ओरडायला लागतो, तेव्हा स्वस्तातला दगड खुशाल बदला. दोन तोंडांचा पंप असेल आणि एक तोंड बूच लावून बंद ठेवलं असेल तरी तसाच दाब येतो. मग जादाची हवा टी-व्हॉल्व्हने (नळीला फाटा काढणारी छोटी तोटी) बाहेर सोडून द्यायची.

कोयवाला · गुरुवार, रात्री ९.४५

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांसाठी एवढंच की पात्यावर आणि खोबणीत पांढरा क्षार बसतो आणि हळूहळू घरघर सुरू होते. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, त्यात अर्धा तास भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. फक्त मोटरचे भाग, स्पंज नाही.

निळीशाई · रविवार, सकाळी १०.३०

सगळ्यांना मनापासून सांगायचं होतं म्हणून थांबले होते, तीन रात्री नीट बघून मग लिहितेय.

पंप टांगलाय. लोकरीचा धागा बाबांनीच दिला, सासूबाईंच्या विणकामाच्या पिशवीतला. त्या जाऊन सहा वर्षं झाली, पिशवी तशीच आहे. चार पदरी वेणी घालून दिली त्यांनी बसल्या बसल्या. कपाट आता पूर्ण मुकं आहे, लाटणं लावलं तरी काही येत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला (फुंकून!). हवेच्या नळीचं बटण रात्री बंद, फिल्टरचं तोंड वर. झाकणाची काच एका कोपऱ्यात थोडी थरथरत होती, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला.

शुक्रवारी रात्री दोनला वीज गेली, वीस मिनिटांनी आली. फिल्टर सुरू होताना अडकलेली हवा बाहेर पडेपर्यंत अर्धा मिनिट घरघरला आणि गप्प झाला. मी उठून बघायला आले तर बाबा उठले नव्हते. घोरत होते.

मासे खालीच असतात सकाळी. पाणी अजून किंचित धुरकट आहे, एक दिवसाआड बदलतेय. खाणं निम्मं केल्याने मुलगा नाराज आहे, पण वेबरची हाडं ऐकल्यापासून टँकपाशी कुजबुजत बोलतो.

काका, एक विचारायचं राहिलं. त्या रबरी टोप्या सुट्या मिळतात का? जादाची जोडी घरात ठेवावी म्हणते.

गिरणकाका · रविवार, सकाळी ११.१०

बाबांना माझा नमस्कार सांगा, वेणी घालून दिली हे फार आवडलं.

टोप्या सहसा पात्यासकट मिळतात, पातं-दांडी-टोप्या असा एकत्र संच. फिल्टरवर मॉडेलचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. बाजूला नमुना म्हणून जुनं पातंही न्या, कारण दिसायला सारखी पाती खोबणीत एक केसभर सैल बसली तरी पुन्हा खुळखुळा सुरू. दुकानातच बसवून, बोटाने फिरवून बघा.

आणि पुढच्या वेळी धुताना खाली ताट ठेवा.